सुरूर ते पोलादपूर : एका रस्त्याची वही

प्रति,
मा. सचिव (रस्ते),
सार्वजनिक बांधकाम विभाग,
मंत्रालय, मुंबई



मी वाई तालुक्यातला. लहानपणापासून ज्या रस्त्यावरून एसटीनं ये-जा केली, त्या सुरूर–वाई–पाचगणी–महाबळेश्वर–पोलादपूर रस्त्याबद्दल हे पत्र लिहितो आहे. पुणे–बंगळूर महामार्गाला सुरूरपाशी सोडायचं, सह्याद्री चढायचा, आंबेनळी घाटानं उतरायचं आणि पोलादपूरला मुंबई–गोवा महामार्ग गाठायचा. दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा हा एक राज्य मार्ग. आपल्या दप्तरात त्याला क्रमांक आहे, आमच्या तोंडी तो क्रमांक कधीच आला नाही. वाईचा माणूस ‘पसरणीचा घाट’ म्हणतो आणि कोकणातला ‘महाबळेश्वरचा रस्ता’.

रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा, म्हणजे राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, ही आपली रोजची अक्षरं. रस्त्यांची ही उतरंड पक्की झाली ती 1943 साली नागपूरला भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत. त्याआधी 1927 साली नेमलेल्या रस्ते समितीचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. मोठे रस्ते बांधणं स्थानिक संस्थांच्या आवाक्यापलीकडचं आहे, त्याला देशाच्या तिजोरीचा हात हवा, हे त्या समितीनं सांगितलं आणि 1929 पासून पेट्रोलवरच्या कराचा पैसा रस्त्यांसाठी वेगळा निघू लागला. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की रस्त्यांचा विचार आपल्याकडे फार गंभीरपणे झालेला आहे. तो बांधणीपुरता झाला. बांधलेल्या रस्त्याची आठवण कोण ठेवणार, हा प्रश्न मात्र राहून गेला.

या एका रस्त्याच्या पोटात काय काय आहे पाहा. महाबळेश्वराहून पार गावाकडे उतरणारी जुनी वाट म्हणजे रडतोंडीचा घाट. 1659 मध्ये अफजलखान याच अंगानं जावळीत उतरला. पुढे इंग्रजांच्या तोंडी त्या घाटाचं ‘रोटंडा’ झालं. नाव घेताना चढणीचा सगळा जीव निघून गेला! पारला कोयनेवरचा जो दगडी पूल शिवकालीन मानला जातो, तो आजही उभा आहे. जुनी वाट बैलांची आणि पायी चालणाऱ्यांची होती. गाड्यांसाठी नवा घाट काढला तेव्हा त्याला मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचं नाव दिलं. लोकांनी ते स्वीकारलं नाही, आंबेनळीच म्हटलं.

आणि 30 नोव्हेंबर 1957. प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंडित नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्रासाठी हजारो माणसं काळी निशाणं घेऊन पसरणीच्या घाटात आणि पोलादपूरच्या बाजूला उभी होती. आमच्या राज्याच्या जन्माचा एक दिवस या रस्त्यावर घडला. ती माणसं कुठल्या वळणावर उभी होती, हे सांगणारी खूण येता-जाता मला कधी दिसली नाही.

पण मी केवळ इतिहासाच्या ओढीनं लिहीत नाही. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. माणदेशात सरासरी वर्षभरातही एवढा पडत नाही. आंबेनळी घाटात दरडी आल्या, रस्ता ठिकठिकाणी खचला, काही ठिकाणी वाहूनच गेला. प्रतापगडाच्या पायथ्याची गावं तुटली. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे चाळीसएक किलोमीटरांत हजार मीटरांहून जास्त उतरणारा हा रस्ता आहे. वरून येणारं पाणी मोरीतून गेलं तर रस्ता राहतो, नाही गेलं तर रस्ताच ओढा होतो.

हे पाणी कुठून येतं, हे पूर्वी एका माणसाला ठाऊक असे. मैलकुली. नावातच सगळं आहे, एका मैलाचा राखणदार. हातात फावडं आणि घमेलं, डोक्यावर इरलं. पावसाळ्याच्या तोंडाला तो गटारं उपसायचा, मोरीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा ओढून काढायचा, साइडपट्टीवर मुरूम टाकायचा. कुठल्या कड्याचा कुठला दगड सैल झालाय, कुठला झरा आषाढात फुटतो आणि कुठला श्रावणात, हे त्याला विचारावं. घाटातल्या वळणावर वाकून काम करणारा असा माणूस एसटीच्या खिडकीतून मी कितीदा पाहिला आहे. गाडी जाईपर्यंत तो कठड्याला टेकून उभा राहायचा, ती गेली की पुन्हा वाकायचा. आता ती माणसं दिसेनाशी झाली. एकेक जण निवृत्त झाला आणि त्याच्याबरोबर त्याचा मैलही गेला, कारण त्याला जे ठाऊक होतं ते कुणी लिहून घेतलं नाही.

माझी मागणी त्यातून निघाली आहे. प्रत्येक राज्य मार्गाची एक वही असावी. तिची सुरुवात या रस्त्यापासून करा. कुठली मोरी कधी बांधली, दरड कुठे कुठे आणि कोणत्या साली आली, जुनी आखणी कुठून जात होती आणि ती का सोडली, कुठल्या पुलावर कुठला शिलालेख आहे, मैलाचे जुने दगड कुठे शिल्लक आहेत, हे सगळं तिच्यात यावं. मोजमाप पुस्तिकेत खडी आणि डांबराची मापं येतात, ती यायलाच हवीत. पण दहा वर्षांनी बदलून आलेल्या शाखा अभियंत्याला घाट समजायला ती पुरणार नाहीत. हयात असलेल्या मैलकुलींना, मुकादमांना, घाटात वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या एसटीच्या चालकांना बोलवून बसवा, त्यांचं लिहून घ्या. या कामाला फार पैसा लागणार नाही, पण ही माणसं आहेत तोवरच ते होईल. आणि ही वही कार्यालयाच्या कपाटात न राहता कुणालाही वाचता यावी.

सुरूर ते वाई रस्त्याकडेच्या वडांचंही या वहीत पान हवं. या रस्त्याला सावली आहे ती त्यांची. रुंदीकरण निघालं की आधी वाटेत येतात ती अशीच झाडं. सांगलीजवळच्या भोसे गावात 2020 साली महामार्गाच्या आड आलेला जुना वड वाचावा म्हणून लोक उभे राहिले आणि आखणी बदलली. म्हणजे आखणी बदलता येते. मात्र आखणी करणाऱ्याच्या नकाशावर झाड आधी हवं. प्रत्येक वडाचा घेर, त्याची जागा, रस्त्याच्या मध्यापासूनचं अंतर नोंदलेलं असेल, तर निविदा निघण्याआधीच त्याचा विचार करता येईल.

एक शेवटची विनंती, लहानशी. फलकांवर क्रमांक आणि गावांची अंतरं असतात, तशी घाटांची नावंही मोठ्या अक्षरांत लिहा. पसरणी. आंबेनळी. आणि पारकडे वळणाऱ्या वाटेवर, रडतोंडी.

वहीच्या कामाला माणसं कमी पडत असतील, तर मी यायला तयार आहे. आमच्या गावात या रस्त्यावर काम केलेले दोघे अजून आहेत. त्यांना घेऊन येईन.

आपला विश्वासू,
वाई तालुक्यातील एक प्रवासी