फिट्टंफाट म्हणायला लाज कसली?

‘टिट फॉर टॅट’ दिसलं की आपला भाषांतरकार डोळे मिटून ‘जशास तसे’ लिहितो. माझं भांडण त्या मिटलेल्या डोळ्यांशी आहे.

या वाक्प्रचाराचं जुनं रूप ‘टिप फॉर टॅप’. टिप म्हणजे हलकी चापट, टॅप म्हणजेही तीच. १५५६ साली जॉन हेवुडच्या ‘द स्पायडर अँड द फ्लाय’ या काव्यात ‘टिट फॉर टॅट’ आढळतं. तू टिचकी मारलीस, मी टपली मारली, एवढाच मामला. मार किरकोळ आणि तोही मोजून दिलेला.

‘जशास तसे’ म्हटलं की समोरचा शठ असल्याचा निकाल आधीच लागलेला असतो. शठाशी शाठ्याने वागावं की सत्याने, यावर १९२० मध्ये टिळक आणि गांधी ‘यंग इंडिया’त वाद घालत होते. ते ओझं दोन बहिणींच्या भांडणावर कशाला? एका अनुवादित कथेत धाकटीने थोरलीचा कंगवा लपवला. थोरलीने तिची रिबीन लपवली आणि मी तिच्या तोंडी शब्द घातला, ‘फिट्टंफाट!’ तोच ट-कार, तोच खेळकरपणा. संपादकांनी ‘बालिश’ म्हणून तो खोडला. अहो, बोलणारी नऊ वर्षांची आहे! ‘जशास तसे’ छापून आलं आणि पोरीची कीर्तनकार झाली.

हिंदीतल्या ‘ईंट का जवाब पत्थर से’वरून बेतलेलं ‘विटेला दगडाने उत्तर’ तर त्याहून वाईट. तिथे मापच मोडतं. मार्च २०१८ मध्ये ब्रिटनने २३ रशियन राजनैतिक अधिकाऱ्यांना देश सोडायला लावला. रशियानेही ब्रिटनचे २३च परत पाठवले, चोविसावा नाही. इंग्रजी वार्ताहर याला ‘टिट फॉर टॅट’ म्हणतो तेव्हा तो ही मोजणीच सांगत असतो. आपण तिथे दगड घातला, तर न झालेली आगळीक आपल्या भाषेत घडते.

‘फिट्टंफाट’ने हिशेब मिटतो आणि ‘टिट फॉर टॅट’ लांबतही जातं, हा आक्षेप मला मान्य आहे. लांबलं तर ‘ठोशास ठोसा’ घ्या, माझी हरकत नाही. त्या दोन बहिणींचं मात्र संध्याकाळी जेवायच्या आत मिटलं होतं. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी माझा शब्द परत मागितला आहे.