भंडारदऱ्याच्या कुत्र्यांचे डोळे वाचवू या

भंडारदऱ्याला आलेला पाहुणा रंधा धबधबा बघतो, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघतो, मे सरता सरता काजव्यांसाठी रात्र जागवतो. तंबूपाशी घुटमळणाऱ्या कुत्र्याला बिस्किटही घालतो. त्याच्या डोळ्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. शेंडीच्या नाक्यावर, मुरशेत-पेंडशेतच्या वाटेवर, घाटघरच्या रस्त्यावर कुत्रं दिसलं की एकदा त्याच्या डोळ्यांत नीट बघा, एवढं पहिलं मागणं आहे.

पिवळी-हिरवी, तारेसारखी ताणली जाणारी चिपडं दिसली, पुसल्यावर थोड्याच वेळात पुन्हा साचली, डोळा मिचमिचा झाला, त्याची चमक गेली, तर ‘डोळे आलेत, जातील आपोआप’ म्हणून सोडून देऊ नका. डोळ्यातलं पाणी आटत असल्याचं हे लक्षण असू शकतं. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम असतो. त्यात तेल असतं, पाणी असतं आणि चिकट द्रव असतो. पाणी कमी पडलं की चिकट भाग तेवढा उरतो आणि चिपडं होऊन साचतो. म्हणूनच फसायला होतं. डोळा बाहेरून ओला, घाण वाटतो, पण आतून तो कोरडा पडलेला असतो. मग पापणी दर वेळी बुबुळावर घासते, जखमा होतात, लाल शिरा चढतात आणि हळूहळू काळपट पडदा धरतो. तोवर आपण म्हणतो, फूल पडलं, वय झालं. वेळेवर पाहिलं असतं तर अशा अनेक कुत्र्यांची नजर टिकली असती.

हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. ओटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने १९०३ साली सांगितलेली कागदाची पट्टी आजही वापरतात. ती खालच्या पापणीत एक मिनिट अडकवायची आणि किती भिजली ते मोजायचं. निरोगी कुत्र्याच्या डोळ्यात ती पंधरा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भिजते. दहाच्या खाली राहिली तर रोगाची दाट शंका घ्यावी आणि पाचच्या खाली गेली तर डोळा गंभीर संकटात आहे. राजूर-अकोल्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत या पट्ट्या कायम असाव्यात, अशी मागणी आपण केली पाहिजे. कागदाच्या पट्टीअभावी एखाद्या जिवाची नजर जाणं मला तरी सहन होत नाही.

कारणं अनेक आहेत. पग, शिह त्झू, ल्हासा अप्सो, कॉकर स्पॅनियल या जातींत बहुतेक वेळा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटते. पुण्या-मुंबईहून असं कुत्रं घेऊन येणाऱ्यांनी घरी परतल्यावर एकदा पट्टीची तपासणी करून घ्यावी. काही सल्फा औषधं दीर्घकाळ दिली तरी अश्रू आटतात. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळा बाहेर आला की तो कापून टाकायचा सल्ला कधीकधी मिळतो. तो मानू नका. ती तिसऱ्या पापणीची ग्रंथी आहे, सुमारे एक तृतीयांश अश्रू तिथून येतात. ती शस्त्रक्रियेने पुन्हा आत बसवता येते.

पण भंडारदऱ्यासाठी मला सगळ्यात महत्त्वाचं कारण वाटतं ते डिस्टेंपर. आधी नाका-डोळ्यांतून स्राव, मग खोकला, जुलाब, झटके, असा हा विषाणूजन्य आजार पिल्लांना झपाट्याने गाठतो. तो अश्रुग्रंथींवरही घाला घालतो. जे पिल्लू त्यातून वाचतं, त्याचे डोळे कोरडे पडू शकतात. आणि हा प्रश्न कुत्र्यांपुरता राहत नाही. आपली गावं १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आणि त्याच्या कडेला वसलेली आहेत. गीरमध्ये २०१८ साली वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांतल्या काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आपल्या डोंगरात बिबटे आहेत, आणि बिबट्या कुत्रं उचलतो. गावातल्या कुत्र्यांना लस देणं म्हणजे जंगलालाही राखणं.

ही कुत्री इथल्या संसाराचा भाग आहेत. भात खाचरात डुकरं शिरली की तीच भुंकतात, रानात शेळ्यांमागे तीच जातात. रात्री पडवीबाहेर खुट्ट झालं की आधी तीच उठतात. डोळे गेलेलं कुत्रं हे काम करू शकत नाही, आणि बिबट्याच्या वाटेवर ते सगळ्यांत आधी सापडतं.

उपचार आहे, आणि त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातल्या रेने कास्वान या पशुनेत्रतज्ज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं, की सायक्लोस्पोरिन हे औषध कुत्र्याच्या डोळ्यात घातलं तर आटलेले अश्रू पुन्हा येऊ लागतात. कुत्र्यांसाठीच्या मलमाला तिथे १९९५ साली मान्यता मिळाली, माणसांच्या थेंबांना २००२ साली. आज माणसांच्या कोरड्या डोळ्यांना हे औषध मिळतं, त्याची वाट कुत्र्यांनी दाखवली. ते ऋण आपल्यावर आहे.

मात्र हे मलम सहसा दिवसातून दोनदा आणि बहुधा आयुष्यभर लागतं. गुण यायला काही आठवडे जातात. सोबत कृत्रिम अश्रूंचे थेंब हवेत आणि डोळा कोमट स्वच्छ पाण्याने, मऊ कापडाने पुसायला हवा. मालक नसलेल्या कुत्र्याला हे कोण करणार? मला एकच मार्ग दिसतो. ज्याच्या दारात ते बसतं, त्या हॉटेलवाल्याने, तंबूवाल्याने, घराने त्याला आपलं म्हणावं. पावसाळ्यात आणि काजव्यांच्या हंगामात इथे पैसा येतो. त्यातला थोडा हिस्सा या दाराशी बसणाऱ्यासाठी बाजूला काढणं जड नाही.

आणि कृपा करून डोळ्यात तंबाखूचं पाणी, मीठ, तूप काही घालू नका. घरात उरलेले थेंबही नकोत. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा फुटण्यापर्यंत वेळ येते. शेकोटीचा धूर अशा कुत्र्याच्या तोंडावर जाणार नाही, एवढं पाहुण्यांनीही बघावं.

सगळ्यात आधी लस. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे, आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तसा. रेबीजची लस वेगळी, तीही द्यायचीच. शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे या गावांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. दरवर्षी हिवाळ्यात, पिल्लं असतात तेव्हा, लसीकरणाचा एक दिवस ठरवावा आणि त्याच दिवशी डोळेही तपासावेत. शाळेतल्या मुलांनी वाडीवाडीतल्या कुत्र्यांची यादी करावी. कुठलं कुत्रं कुणाचं, हे त्यांना आपल्यापेक्षा नेमकं माहीत असतं. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. चिपडलेला डोळा दिसला की त्याच दिवशी हा क्रमांक फिरवा आणि तपासणी होईपर्यंत त्या कुत्र्याला दाराशी बांधून ठेवा.