डबा विकू नका, विरजण विका



श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यापासून फिश टँकचा फिल्टर बनवायचा व्हिडिओ केल्यापासून एकच प्रश्न सतत येतोय, "सर, हे बनवून विकलं तर?" माझं उत्तर अनेकांना आवडणार नाही, तरी स्पष्ट सांगतो. विकू नका. स्वतःसाठी बनवा, दहा बनवा, पण विकायची वस्तू ती नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये. आमच्या एका बॅचमधल्या मुलाने हा धंदा खरंच करून बघितला. प्रत्येकी १२० रुपयांना त्याने बावीस फिल्टर विकले. स्पंज, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, एअर स्टोन, हवेची नळी आणि पॅकिंग मिळून खर्च ६५ रुपये. डबे शेजारपाजारचे, फुकट. म्हणजे एका नगामागे ५५ रुपये सुटले. ऐकायला बरं वाटतं ना? आता डबे गोळा करणं, धुणं, सोल्डरिंग गनने झाकणाला भोकं पाडणं, पाइप कापणं आणि गिऱ्हाइकाला फोनवर समजावणं हे सगळं धरा. एका नगाला सव्वा तास जात होता. त्यात कुर्ल्याच्या मासळीवाल्या गल्लीत किंवा तुमच्या गावच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात तयार स्पंज फिल्टर त्याच भावाच्या आसपास मिळतो, आणि दिसायलाही नीट असतो. डब्यावर 'आम्रखंड' लिहिलेली वस्तू हॉलमधल्या काचेच्या टँकमध्ये कोण ठेवणार?

पण भाव ही खरी अडचण नव्हतीच. तीन आठवड्यांत दोन गिऱ्हाइकं भांडायला आली. "तुमच्या फिल्टरने आमचे मासे मारले." मुलगा रडकुंडीला आला. फिल्टर तर बुडबुडे सोडत मस्त चालू होता!

काय झालं असेल बघा. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते त्या मानाने बरंच सौम्य असतं आणि थोडं थोडं पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू राहतात कुठे? मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर. नव्या टँकमध्ये ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या दोन गिऱ्हाइकांनी नवा फिल्टर आला म्हणून जुना त्याच दिवशी काढून फेकला. म्हणजे टँकचा सगळा कामगारवर्गच घालवला की! जुना आणि नवा महिनाभर शेजारी शेजारी चालवायचे असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम विकणाऱ्याचं होतं. त्याने पैसे परत केले, माशांचेही दिले, आणि माझ्या मते बरोबर केलं.

मला इथे विरजण आठवतं. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही. डब्याचा फिल्टर म्हणजे नुसतं भांडं. त्यात मुरलेला स्पंज हे विरजण. भांडं कुणीही विकेल.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की हा डबा तुमच्या स्वतःच्या गप्पी, मॉली, प्लॅटीच्या टबांत लावा आणि मासे विका. आरोग्य खात्याकडून डासांच्या अळ्या खायला गप्पी फुकट मिळतात, मग विकत कोण घेणार, असं कुणीतरी म्हणेलच. ते वेगळे. मोठ्या रंगीत शेपटीचे फॅन्सी गप्पी लोक पैसे देऊन नेतात. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, त्यामुळे टब वाढतात, आणि टब वाढले की फिल्टरचा खर्च वाढतो. डब्याची खरी कमाई इथे आहे. दहा टबांना १० वॅटचे दहा तयार पॉवर फिल्टर लावले तर दिवसाचे २४ तास धरून महिन्याला ७२ युनिट जातात. त्याऐवजी ३५ वॅटचा एकच मोठा एअर पंप, त्यातून दहा नळ्या, दहा डबे, तर साधारण २५ युनिट. हा फरक दर महिन्याला तुमच्या खिशात राहतो.

बनवताना दोन-तीन गोष्टींत मात्र कंजुषी नको. डबा खाण्याच्या पदार्थाचाच हवा. फिनेल, रंग, कीटकनाशकाचा डबा दहादा धुतला तरी चालणार नाही. तळाला धुतलेले खडे, त्यावर स्पंज. मधला पाइप तळापर्यंत गेला पाहिजे आणि त्याच्या खालच्या टोकाला खाचा हव्यात. एअर स्टोन त्या पाइपच्या आत, खाली. बुडबुडे वर चढताना पाणी ओढून नेतात, आणि झाकणाच्या भोकांतून नवं पाणी स्पंजमधून खाली येतं. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. लाइट गेली की पाणी उलटं पंपात शिरतं, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल काय सांगावं! स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टबमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळा, बास.

सबसिडीचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे युनिटला मदतीची तरतूद होती. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. पण आधी दोन टब सहा महिने चालवून बघा, मग फाइल करा.

तो मुलगा आता फिल्टर विकत नाही. आठ टब आहेत त्याच्याकडे. नव्याने टँक सुरू करणाऱ्याने मासे घेतले, की तो आपल्या निरोगी टबातला मुरलेल्या स्पंजचा तुकडा टबच्याच पाण्यात पिशवीत बांधून फुकट देतो आणि सांगतो, "घरी गेल्या गेल्या फिल्टरमध्ये टाका, वाळू देऊ नका. आणि पहिल्या आठवड्यात चारच मासे न्या, बाकीचे मी सांभाळतो." गिऱ्हाईक बाकीचे मासे न्यायला परत येतंच.