आधी गोळी, मग आळ

ओलीस धरणाऱ्याला पोलिसांनी उडवला की आमच्या गोदीतल्या चहाच्या टपरीवर एकच बोल: "ठोकला ते बरं केलं." तो काय मागत होता, गोळीशिवाय मार्ग होता का, कुणी इचारत नाही. अशा टाळ्याबहाद्दरांना मी अ‍ॅटिका सांगतो.

न्यूयॉर्क राज्यातला तुरुंग. सप्टेंबर १९७१. कैदी बहुतेक काळे नि पोर्तो रिकन, पहारेकरी गोरे. आठवड्याला एक आंघोळ, ढुंगण पुसायला महिन्याला कागदाची एक गुंडाळी. माणसासारखं वागवा म्हणत ते उठले, पहारेकरी ओलीस धरले. एक पहारेकरी त्यांच्या मारानं मेला, ते मी झाकत नाही. बोलणी चालली, पण गव्हर्नर रॉकफेलर तिकडं फिरकलाच नाही. १३ तारखेला पोलीस घुसले. त्यांच्या गोळ्यांनी ३९ माणसं मेली: २९ कैदी नि १० ओलीस. ज्यांना सोडवायला गेले तेच!

साहेब लोक म्हणाले, कैद्यांनी गळे चिरले. पेपरांनी छापलं, पब्लिकनं गिळलं. आपल्याला हे नवं नाय. १९९७ साली रमाबाई नगरात १० जण मारून टँकरची गोष्ट सांगितलीच होती की.

दुसऱ्या दिवशी शवतपासणी करणाऱ्या डॉ. एडलंडनं सांगून टाकलं, ओलीस गोळ्यांनी मेलेत. आणि कैद्यांकडं बंदुका नव्हत्याच. काही लोक चिडले, रस्त्यावर आले. पण कितीकांनी डॉक्टरलाच लाल ठरवला, धमक्या दिल्या. गोळी झाडणारा देव, गोळी मोजणारा गद्दार!

कैद्यांच्या भरपाईला २००० साल उजाडलं. मेलेल्या पहारेकऱ्यांच्या गोऱ्या विधवांना तर २००५.