एक प्रश्न, सगळे तास

शिक्षकांनो, मुख्याध्यापकांनो, आईबाबांनो,

आठवीतल्या मुलीला घनफळाची उदाहरणे सोडवता येतात. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, हे तिने भूगोलात लिहिलेले असते. ग्रामपंचायतीची कामे तिला पाठ असतात. तिला विचारा, ‘तुमच्या वर्गाच्या पत्र्यावर वर्षभर पडणारे पाणी साठवले, तर शाळेला किती दिवस पुरेल?’ बहुतेक वेळा ती गप्प राहते. या उत्तराला लागणारे जवळजवळ सगळे तिला शिकवून झालेले आहे. पण गणिताच्या वहीतले भूगोलाच्या तासाला वापरायचे असते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. शाळा सुरू होईल तेव्हा आपल्या गावाचा किंवा वस्तीचा एक खरा प्रश्न निवडा आणि तो तीन-चार विषयांच्या तासांना वाटून द्या. जूनमध्ये पाऊस येतोच, तेव्हा उदाहरणही पावसाचेच देतो.

सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली घ्या. तिचा वरचा निमुळता भाग कापून, उलटा करून, नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवा. तळाशी खडे टाका, ते बुडतील इतके पाणी घाला आणि तिथे शून्याची खूण करा. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाड आणि भिंत यांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवले की झाले पर्जन्यमापक. हवामान खाते सकाळी साडेआठला पावसाची नोंद घेते. मुलांनीही रोज ठरलेल्या एकाच वेळी घ्यावी. रुंद बाटलीत आणि अरुंद बाटलीत पाण्याची उंची सारखीच का भरते, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. त्याचे उत्तर लगेच सांगू नका. दोन बाटल्या शेजारी ठेवा आणि पाऊस पडेपर्यंत थांबा.

आता गणिताचा तास. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. सहा मीटर रुंद आणि आठ मीटर लांब वर्ग 48 चौरस मीटर जागा झाकतो. छप्पर उतरते असेल, तर क्षेत्रफळ पत्र्याचे धरायचे की त्याने झाकलेल्या जमिनीचे? यावर वर्गात वाद होऊ द्या. चांगली भूमिती अशाच वादातून शिकून होते. (उत्तर: जमिनीचे.) वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर या छपरावर 24,000 लिटर पाणी पडते. गळती, उडालेले थेंब आणि सोडून दिलेला पहिला पाऊस वजा करून 80 टक्के धरले, तरी 19,200 लिटर उरते. शाळेत 60 मुले असतील आणि प्रत्येकाला पिण्यासाठी रोज दोन लिटर धरले, तर दिवसाला 120 लिटर लागतात. भागाकार करा. 160 दिवस! हा आकडा फळ्यावर आला की मुले आपणहून विचारतात, ‘मग टाकी केवढी लागेल?’

त्यापुढचे काम विज्ञानाचे. पहिला पाऊस सोडून का द्यायचा, पत्र्यावर काय काय साचते, साठवलेल्या पाण्यात टीसीएल पावडर का टाकतात, टाकी झाकलेली का हवी.

भूगोलाच्या तासाला हाच आकडा नकाशावर न्या. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात तो 500 च्या आसपास राहतो. सह्याद्री ढग अडवतो, हे वाक्य मुलांनी अनेकदा लिहिलेले असते. स्वतःच्या बाटलीतला पाऊस मोजलेल्या मुलाला त्याचा अर्थ कळतो.

इतिहास आणि भाषा यांचे तास इथे एकत्र येतात. 1972 चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून गावोगावी आहेत. मुलांनी आजी-आजोबांकडे जावे. खडी फोडायला कोण गेले, सुकडी कशी लागायची, मिलो ज्वारीची भाकरी कशी होती, विहिरीला पाणी किती खोल गेले, हे विचारावे आणि त्यांच्याच बोलीत लिहून आणावे. त्या काळातल्या दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशाने तसा कायदा केला. घरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीला हा धागा जोडला, की इतिहास पुस्तकाबाहेर येतो. धुळे-नाशिककडच्या शाळांना तर पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीचे बंधारे शेजारीच आहेत. पाटाचे पाणी कोणाला, किती आणि कोणत्या क्रमाने, हे शेतकरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आपसांत ठरवत आले आहेत. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा कुठे मिळणार?

शेवटी मुलांनी मराठीच्या तासाला ग्रामपंचायतीला अर्ज लिहावा. आमच्या शाळेच्या छपरावर इतके पाणी पडते, ते साठवायला इतक्या लिटरची टाकी लागेल, हा आमचा हिशेब. अर्जलेखन परीक्षेला असतेच. इथे तो अर्ज खरोखर कोणाच्या तरी हातात पडेल. शहरातल्या शाळांनी गच्चीचे मोजमाप करावे, सोसायटीत महिन्याला किती टँकर येतात ते विचारावे आणि पत्र सोसायटीच्या अध्यक्षांना द्यावे.

ही वाट आपल्या मातीतली आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला झालेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. सूतकताईसारख्या हातच्या कामातून गणित, भाषा, समाजशास्त्र शिकवण्याच्या त्या रीतीला आपल्या शिक्षकांनी ‘समवाय’ म्हणून अभ्यासले आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले वेल्डिंग, शेती, बांधकाम करता करता विज्ञान शिकतात. प्राथमिकच्या परिसर अभ्यासातही विज्ञान, भूगोल, इतिहास एकत्र नांदत आले आहेत. वरच्या वर्गांत विषय वेगळे होतात, शिक्षक वेगळे होतात आणि हे नाते तुटते. ते जोडायचे आहे.

‘पोर्शन कसा संपणार?’ ही शिक्षकांची काळजी खरी आहे. पण वर सांगितलेले बहुतेक सगळे पोर्शनमध्येच आहे: घनफळ, शेकडेवारी, सरासरी, पर्जन्य, स्थानिक शासन, अर्जलेखन. फक्त ते वर्षभरात विखुरलेले आहे. दोन-तीन शिक्षकांनी मिळून धड्यांचा क्रम थोडा पुढेमागे केला, तर जादा तास फारसे लागत नाहीत. गुणांचेही तेच. आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, उपक्रम, प्रात्यक्षिक यांना जागा आहेच. चार विषयांचे चार प्रकल्प मागण्याऐवजी एकच काम मागा आणि आपापल्या विषयापुरते तपासा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पाढे, व्याकरण, समीकरणे यांना स्वतंत्र सराव लागतो आणि तो दिलाच पाहिजे. पावसाचे चित्र काढले म्हणून चित्रकला जोडली गेली, असे ओढूनताणून करू नका. एका विषयाला एकट्याने सुटणार नाही असा प्रश्न असेल, तरच दुसऱ्या विषयाला हाक मारा. आणि उत्तर चुकले, तर ते कोणत्या पायरीवर चुकले हे मुलांनाच शोधू द्या.

मुख्याध्यापकांनी दोन गोष्टी द्याव्यात. आठवड्यातून एकदा या शिक्षकांना एकत्र बसायला अर्धा तास आणि वेळापत्रकात एक जोडतास. एक-दोन शिक्षकी शाळांतल्या गुरुजी आणि बाईंना तर हे सर्वांत सोपे आहे, कारण सगळे विषय त्यांच्याच हातात असतात.

आईबाबांनो, तुमच्याकडून थोडेच हवे आहे. प्रकल्पाचे तयार मॉडेल दुकानातून आणू नका आणि रात्री जागून स्वतः करूनही देऊ नका. मूल वेडीवाकडी बाटली कापेल, आकडे चुकवेल, पुन्हा मोजेल. मोजू द्या. पाणीपट्टीची पावती त्याला दाखवा. पंचायतीत किंवा सोसायटीत ते अर्ज घेऊन जाईल, तेव्हा सोबत जा, पण बोलू त्याला द्या.

सगळे विषय एकदम जोडायला जाऊ नका. या वर्षी एकच प्रश्न, दोनच शिक्षक आणि एकच वर्ग घ्या. पहिल्या आठवड्यातल्या शिक्षकसभेत ‘आपल्या गावाला कशाचे उत्तर हवे आहे?’ हे एकमेकांना विचारा, जे ठरेल ते फळ्यावर लिहा आणि कामाला लागा.