लाव्हा 'आम्लधर्मी' म्हणणं आता थांबवूया



विज्ञान प्रदर्शन म्हटलं की ज्वालामुखीची प्रतिकृती आलीच. मातीचा डोंगर, आत खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग. फेस उसळतो, टाळ्या पडतात. इकडे भूगोलाच्या तासाला मुलं पाठ करतात : 'आम्लधर्मी लाव्हा दाट, अल्कधर्मी लाव्हा पातळ.' मग एखाद्या मुलाने दोन्ही गोष्टी जोडून लाव्हात लिंबासारखं आंबट काहीतरी असतं असं मनात पक्कं केलं, तर त्याला दोष कसा देणार? शब्द आपणच दिलेत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : शाळेत 'सिलिका जास्त' आणि 'सिलिका कमी' एवढंच म्हणावं.

हे नाव आलं कुठून? एकोणिसाव्या शतकात खडकांतली खनिजं म्हणजे सिलिसिक आम्लाचे क्षार, अशी समजूत होती. समजूत मागे पडली, नाव मात्र चिकटून राहिलं.

खरं कारण समजायला अवघड नाही. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात. शेजारी सिलिकॉन अणू त्यातला ऑक्सिजन वाटून घेतात आणि जाळं तयार होतं. खडक वितळला तरी हे जाळं पूर्ण सुटत नाही, म्हणून तो रस वाहायला विरोध करतो. या विरोधालाच श्यानता म्हणतात. (ही घनता नव्हे. तेल पाण्यावर तरंगतं, तरी पाण्यापेक्षा सावकाश वाहतं.) सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम जाळ्यात शिरले की दुवे तुटतात आणि रस पातळ होतो. विरघळलेलं पाणीही तेच करतं.

बेसाल्टमध्ये सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के असते, रायोलाइटमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त. रायोलाइटचा लाव्हा बेसाल्टच्या लाव्हापेक्षा लाखो पटींनी दाट असू शकतो.

कुणी म्हणेल, बेसाल्टचा लाव्हा जास्त तापलेला असतो म्हणून पातळ. तापमानाचा वाटा आहेच, पण सगळं श्रेय त्याचं नाही. काच कारखान्यात बघा. नुसती वाळू वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात आणि तरीही तो रस फार दाट असतो. सोडा मिसळला की कितीतरी कमी तापमानाला काम होतं. कराडजवळच्या ओगलेवाडीत कंदिलाच्या काचा घडल्या त्या याच रसायनावर.

आपल्या मुलांना तर हा धडा पायाखालीच सापडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हा दूरवर पसरला, थरावर थर बसले आणि दख्खनचं पठार झालं. सह्याद्रीच्या पायऱ्या पायऱ्यांच्या कड्यांत ते थर आजही मोजता येतात. उलट अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सचा शिलारस सिलिकायुक्त आणि दाट. त्यातला वायू सहज सुटू शकला नाही, आणि १८ मे १९८० रोजी डोंगराची एक बाजूच कोसळून भीषण स्फोट झाला. ५७ माणसं गेली. म्हणजे डोंगर शांतपणे वाहणार की फुटणार, यात त्या टक्केवारीचा मोठा हात असतो.

वर्गात हे असं करून बघा. मुलांना हात धरून गर्दीने दारातून जायला सांगा. अडकतील. मग चार-पाच जणांना 'कॅल्शियम' करा, ते शिरतील तिथले हात सुटतील. आता बघा किती पटकन बाहेर पडतात! खऱ्या अणूला जोडायला दोन नव्हे, चार हात असतात, एवढं सांगायला विसरू नका.

'पण परीक्षेत जुनाच शब्द आला तर?' ही शंका रास्त आहे. मुलांना तो शब्द एकदा जरूर लिहून द्या आणि ते जुनं नाव आहे, लाव्हा आंबट नसतो, हेही सांगा. सोड्याच्या डोंगरालाही माझी बंदी नाही. फक्त त्याखाली पाटी लावा : 'हा वायूचा फेस आहे, लाव्हा नाही.' आणि शेजारी दोन वाट्या ठेवा, एकीत काकवी, दुसरीत पाणी घातलेली काकवी. तापमान तेच, घटक बदलले, वाहणं बदललं. पालकहो, एवढी तयारी घरच्या स्वयंपाकघरातही होते.