आधी विहीर, मग नवरा

आमच्या घरी चित्रपटाचा खटला तीन न्यायालयांत चालतो. पहिले न्यायालय अर्थात माझे. मराठीचा प्राध्यापक असल्याने कथानक, व्यक्तिरेखा, संवाद अशी कलमे लावून मी ताबडतोब निकाल देतो. त्यावरचे अपील सौभाग्यवतींकडे जाते आणि अखेरचा निकाल आईचा. शाळकरी वयात जत्रेच्या तंबूत 'माहेरची साडी' पाहताना मी खो खो हसलो होतो आणि आईने तिथल्या तिथे माझ्या पाठीत धपाटा घातला होता. तेव्हापासून माझा एकही निकाल वरच्या न्यायालयात टिकलेला नाही. दिवाळीच्या निमित्ताने अलीकडच्या काही खटल्यांची ही हकिगत.

पहिला खटला परेश मोकाशी यांच्या 'वाळवी'चा. २०२३ च्या जानेवारीतला हा चित्रपट. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा काटा काढण्याचा बेत रचतात आणि मग त्या बेताचेच बारा वाजू लागतात. रहस्यपट, आणि तोही हसवणारा, असा योग मराठीत क्वचित जुळून येतो. निष्णात सुताराने केलेल्या पेटीसारखी पटकथा आहे. कुठे खिळा म्हणून दिसत नाही. शेवट मी सांगणार नाही, पण पाहणाऱ्याने चित्रपटाच्या नावाकडे लक्ष ठेवावे. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा, आपण आधीच भरघोस गुण दिले होते, याचा मला कोण अभिमान वाटला! सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढी यातायात करण्यापेक्षा त्या तिघांनी एकदा समोरासमोर बसून बोलायला काय झाले होते?" या आक्षेपाला कोणत्याही साहित्यशास्त्रात उत्तर नाही.

त्याच वर्षी जून महिन्याच्या अखेरीस 'बाईपण भारी देवा' आला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट. तिने गावोगावच्या बायका घराबाहेर काढल्या. नटूनथटून, घोळक्याने त्या चित्रपटगृहांकडे निघाल्या आणि नवरेमंडळींनी त्या दिवशी भाताला शिट्या किती द्यायच्या, ते फोनवर विचारून घेतले. मी गुण कापले. सहाही जणींची दुःखे एकेका पेटीत भरून आणल्यासारखी वाटतात, शेवटी सगळ्यांच्या गाठी सोईस्कर सुटतात, वगैरे वगैरे. सौभाग्यवतींनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि रात्री दहा वाजता त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. सासूबाईंच्या पाटल्यांवरून दोघींचे दोन वर्षे बोलणे बंद होते. तासाभराने फोन ठेवून त्या एवढेच म्हणाल्या, "आता कापा गुण."

२०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार'साठी आम्ही आईला घेऊन सोलापूर गाठले. कोकणातली रानराई, दशावतारी नाटकाची रंगभूषा, आणि वयाची ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर! जमिनीवर आलेल्या संकटाचा प्रश्न चित्रपट मोठा मांडतो आणि उत्तर मात्र झटपट देतो, असे मी परतीच्या वाटेवर म्हणू लागलो. आई म्हणाली, "त्या म्हाताऱ्याकडं बघ जरा. न्हाईतर तू! दोन जिने चढला की धापा टाकतोस." खटला निकालात निघाला.

इथवरचे खटले दिवाणी म्हणावेत असे. खरी फौजदारी पुढे आहे.

'पाणी' हा आदिनाथ कोठारे यांचा चित्रपट. त्याला २०१९ मध्ये पर्यावरण विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, पण पडद्यावर यायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. आपल्या मराठवाड्यातलीच, नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची ही खरी गोष्ट. गावाला पाणी नाही, म्हणून तिथल्या तरुणांना कोणी मुलगी देत नाही. हनुमंत केंद्रे या तरुणाचे ठरू पाहणारे लग्नही पाण्यापायीच अडते आणि मग तो गावाला घेऊन डोंगरउतारावर पाणी अडवायच्या कामाला लागतो. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आम्ही पाहिले आहे. त्यामुळे गोष्टीत अतिशयोक्ती शोधण्याचे धाडस मी केले नाही. प्रचाराचा सूर अधूनमधून लागतो, एवढेच नोंदवले.

आईने मात्र प्रथमच आपल्या लग्नाची हकिगत सांगितली. तिचे माहेर भूम तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती. रोजगार हमीच्या खडीवर बसलेली. पुढच्या वर्षी कळंब तालुक्यातल्या आमच्या गावचे स्थळ सांगून आले. "तुझा आजा भर उन्हाळ्यात गावात आला. कुणाच्या घरी टेकला न्हाई. सरळ मळ्यात गेला, दोराला दगुड बांधून हिरीत सोडला. दोन परस पाणी लागलं, तवा म्हणला, आता पोरगा दाखवा. आधी हीर बघितली, मग नवरा."

"आणि तुला कोणी विचारले?" मी म्हटले.

"मला काय इचारायचं? हिरीला कुणी इचारतं का, तुझ्यात डोकावू का म्हणून?"

हे वाक्य मी हसून सोडून दिले. ते पुन्हा आठवायला सहा महिने लागले.

धाकट्या बहिणीची मुलगी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आमच्याकडे राहते. २०२५ च्या जानेवारीत आमच्या दिवाणखान्यात तिला पाहण्याचा कार्यक्रम झाला. त्या दिवशी सकाळीच मी वर्गात ताराबाई शिंद्यांचे १८८२ चे 'स्त्री-पुरुष तुलना' शिकवले होते आणि माझ्या मते झकास शिकवले होते. संध्याकाळी मुलाचे काका भाचीला म्हणाले, "जरा उभी राहा, म्हणजे उंचीचा अंदाज येईल." ती उभी राहिली. मी पोह्यांतले शेंगदाणे निरखत बसलो. चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला.

मार्चमध्ये तिला घेऊन मी पुण्याला गेलो असताना जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' लागला होता. टोरांटोच्या महोत्सवात नावाजलेला म्हणून मोठ्या उत्साहाने तिला नेले. विदर्भातल्या एका खेड्यातली सविता ही शिकणारी, परीक्षेची तयारी करणारी मुलगी. बाप कापूस पिकवणारा. सुरुवातीलाच उलटे दृश्य आहे: बायका ओळीने बसल्या आहेत आणि समोरच्या मुलाला नाव, शिक्षण, उंची विचारताहेत. सारे प्रेक्षागृह हसले. पुढे तेच प्रश्न सविताला पुन्हा पुन्हा विचारले जातात आणि हसू आपोआप विरत जाते. नंदिनी चिकटे हिने ही मुलगी अशी उभी केली आहे, की अभिनय हा शब्द वापरायला संकोच वाटावा. तिच्या कॉलेजात समाजशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. स्त्रियांच्या सबलीकरणावर वर्गात सुरेख बोलतात. स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत मात्र त्यांची वाचा बसते.

एस.टी. हडपसरच्या पुढे गेल्यावर भाची खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मामा, ते सर शिकवतात छान, नाही?"

कोणते सर, हे मी विचारले नाही. त्या चित्रपटाला किती गुण द्यायचे, याचा विचारही त्यानंतर केला नाही.

मे महिन्यात दुसरे स्थळ आले. मी फोनवर सांगितले, की या, अवश्य या; पण मुलीला कोणी उभे राहायला सांगणार नाही, आणि तिलाही मुलाला चार प्रश्न विचारायचे आहेत. मंडळी आलीच नाहीत. बहीण संतापली. "दादा, तुझ्या तत्त्वांनी पोरीचं वय थांबणार आहे का?" महिनाभर तिचा फोन नव्हता. तिचे चुकले, असे मला आजही म्हणता येत नाही. आईबापाच्या काळजीला पुस्तकातले उत्तर पुरत नाही. भाची मात्र त्या दिवशी दुपारी नेहमीपेक्षा दोन तास जास्त अभ्यासाला बसली.

आईपुढे मी अपराध्यासारखा उभा राहिलो. ती निवडत असलेल्या भाजीवरून नजर न काढता म्हणाली, "बरं झालं. पोरीच्या चार प्रश्नांला जे भितेत, त्यांच्या हिरीला पाणी नसतंय."

माझा निकाल वरच्या न्यायालयात कायम झाल्याची नोंद एवढी एकच आहे.